एका बादलीचा जलोपचार

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या कसब्यात किंवा भोवतालच्या एखाद्या खेड्यात बसून कोणी जलोपचाराची गोष्ट काढली, तर ऐकणाऱ्याच्या नजरेसमोर प्रथम उभी राहते ती अंगणातली अर्धी रिकामी टाकी, नळाला पाणी यायला अजून किती दिवस आहेत याचा हिशेब आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तहसिलीत टँकरसाठी जाणारे अर्ज; आणि मग तो अगदी रास्तपणे विचारतो की, जिथे पिण्याच्या पाण्याची तजवीज करता करताच घरधनीण थकून जाते, तिथे पाण्यात बसून रोग बरे करण्याचे हे श्रीमंती उपचार कोणी आणि कशाच्या जोरावर करायचे? ज्या प्रदेशाने १९७२ चा दुष्काळ सोसला, ज्या जालना जिल्ह्यात २०१२-१३ साली मोसंबीच्या बागा मालकांच्या डोळ्यांदेखत वाळून गेल्या, आणि ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरकरांसाठी पाणी न्यावे लागले, तेथील माणसाचा हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा खासच नाही. परंतु स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत हे साधे उपचार पुष्कळ वर्षे करून पाहिल्यानंतर माझी अशी खात्री झालेली आहे की, पाण्याचा गुण त्याच्या मुबलकतेत फारसा नसतो. तो असतो पाण्याच्या उष्णतेत, ते अंगाला किती वेळ लागले यात, आणि उपचार संपल्यावर अंग किती नीट कोरडे केले यात. या तीन गोष्टींचे माप ज्याला साधले, त्याला पंधरा लिटरांची एक बादली पुरते.

निसर्गोपचाराच्या इतिहासातही हाच प्रश्न एकदा मोठ्या माणसासमोर उभा राहिला होता. १९४५ साली पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात महात्मा गांधींनी या कार्यासाठी एका विश्वस्त संस्थेची स्थापना केली, परंतु शहरातल्या जागेत बसून खेड्यातल्या दरिद्री माणसाची सेवा करू पाहणे ही आपली चूक आहे, असे त्यांना लवकरच वाटू लागले. आणि १९४६ च्या मार्चमध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचन या गावी जाऊन राहिले, तेथल्या रोग्यांना स्वतः तपासू लागले, आणि ज्या वस्तू खेडुताला गावातच मिळतात त्यांनीच त्याचा इलाज झाला पाहिजे, असा दंडक त्यांनी घालून दिला. त्यांच्या पाठीमागे मणिभाई देसाई यांनी सारे आयुष्य त्या एका गावात वेचले. ज्याला आज पुण्याच्या ‘बापू भवना’तील राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेत जाणे किंवा उरुळीच्या आश्रमात जाऊन राहणे शक्य असेल त्याने अवश्य जावे, तेथे टब आहेत, फवारे आहेत, आणि मुख्य म्हणजे नाडी पाहणारी जाणती माणसे आहेत. प्रस्तुत लेख ज्यांना तेथवर जाता येत नाही त्यांच्यासाठी आहे.

पाणी काम कसे करते, हे प्रथम समजून घ्यावे, म्हणजे पुढची अर्धी फसवणूक टळते. चुलीवरच्या पातेल्यातले पाणी तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो, हे घरातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणजेच पाणी उष्णता पुष्कळ साठवते, आणि हवेच्या कितीतरी पट वेगाने ती आपल्या त्वचेला देते किंवा त्वचेकडून घेते. गरम पाणी लागले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्या भागाकडे रक्त अधिक वाहते, आखडलेले स्नायू मोकळे होतात; थंड पाणी लागले की त्याच वाहिन्या आकसतात, सूज आणि ठणका कमी होतो, आणि ते पाणी काढून अंग पुसल्यावर शरीर स्वतःच ऊब निर्माण करू लागते. शिलेशियातील शेतकरी प्रीसनिट्झ, बव्हेरियातील धर्मोपदेशक क्नाइप आणि लाइपझिगचे लुई कुने या एकोणिसाव्या शतकातील तिघांनी युरोपात जे जलोपचार नावारूपाला आणले, आणि आपल्या आयुर्वेदाने त्याच्या फार पूर्वी परिषेक, अवगाह इत्यादी नावांनी जे सांगून ठेवले, त्या सर्वांच्या मुळाशी उष्णतेची ही देवघेवच आहे. या देवघेवीने दुखणे हलके होते, झोप लागते, शीण जातो; परंतु तिने रक्तातील जंतू मरत नाहीत, मुतखडा विरघळत नाही, आणि कर्करोग तर मुळीच बरा होत नाही, हे मी या पद्धतीचा पक्का अभिमानी असूनही निक्षून सांगतो, कारण या बाबतीतल्या खोट्या आश्वासनांपायी माणसे उशिरा दवाखान्यात पोचतात.

सर्वांत उपयोगी, सर्वांत स्वस्त आणि माझ्या विशेष प्रेमाचा उपचार म्हणजे उष्ण पादस्नान. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सकाळपासून वाकून वेचणी करून, डोक्यावर गाठोडे घेऊन दिवेलागणीला घरी परतलेल्या बाईच्या पिंढऱ्या कशा दगडासारख्या झालेल्या असतात, हे ज्याने हात लावून पाहिले असेल त्याला या उपचाराचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. बादलीत निम्म्याहून थोडे अधिक पाणी घ्यावे, इतके की पाय बुडवल्यावर ते निम्म्या पिंढरीपर्यंत यावे. चुलीवरचे कढत पाणी तसेच कधीही घेऊ नये. बादलीत आधी थंड पाणी ओतावे आणि मग त्यात कढत पाणी घालीत जावे. आपल्या आज्या न्हाऊ घालताना विसण घालून पाण्यात कोपर बुडवून पाहात, ती रीत येथे शास्त्राहून कमी नाही, कारण राबलेल्या हाताचे तळवे घट्टे पडून बधिर झालेले असतात आणि त्यांना पाण्याची खरी ऊन कळत नाही. कोपराची कातडी मात्र खरे सांगते. तापमापक असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आरंभ करावा आणि ४२ च्या पुढे जाऊ नये. पाय बुडवण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यावे, डोक्यावर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेला पंचा ठेवावा, आणि गुडघ्यांवरून एखादी चादर किंवा घोंगडी बादलीसकट पांघरून घ्यावी, म्हणजे ऊब आतच राहते. पाणी निवू लागले तर दोन्ही पाय बाहेर काढूनच कढत पाण्याची भर घालावी. पाय आत असताना वरून ओतणे म्हणजे भाजून घेण्याला आमंत्रण. दहा ते पंधरा मिनिटांत कपाळावर बारीक घाम फुटतो. तो फुटला की उपचार पुरा झाला असे समजावे, अधिकाचा मोह धरू नये. पायांवर तांब्याभर थंड पाणी ओतावे, बोटांच्या बेचक्यांतून धडप्याने नीट कोरडे पुसावे, आणि वाऱ्यात न जाता अर्धा तास पडून राहावे. डोके जड झालेले, सर्दीने नाक चोंदलेले, पाय थंडगार पडल्यामुळे झोप न येणारे, अशा बहुतेकांना पहिल्याच दिवशी बरे वाटते.

परंतु या उपचाराने झालेला एक अपघात मी माझ्या घरातच पाहिला आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. माझे एक वडीलधारे चुलते, मधुमेहाने वीस वर्षे बेजार, एका थंडीच्या रात्री पायांत मुंग्या येतात म्हणून कोणालाही न उठवता स्वतःच बंबातले पाणी घेऊन बसले; पाणी कढत आहे हे त्यांच्या पायांनी त्यांना सांगितलेच नाही, कारण मधुमेहाने पायांची संवेदना केव्हाच गेलेली होती. सकाळी काकूंनी पाहिले तेव्हा दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला लिंबाएवढे फोड आले होते, आणि काका म्हणत होते की मला काहीच दुखत नाही. ते फोड भरून येण्यास चार महिने लागले. तेव्हापासून आमच्या घरी असा हुकूमच आहे की, मधुमेही माणसाच्या पायांसाठी पाणी दुसऱ्याने कोपराने पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही, आणि तेही कोमटच. ज्यांच्या पायांना स्पर्श कळत नाही किंवा ज्यांच्या पायांतले रक्ताभिसरण खुंटलेले आहे, त्यांनी उष्ण पादस्नान घेऊच नये. हृदयविकाराचे रोगी, ज्यांचा रक्तदाब फार चढउतार करतो असे लोक आणि गर्भवती स्त्रिया यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून मगच गरम पाण्याच्या वाटेला जावे.

कटिस्नान हा निसर्गोपचाराचा मानबिंदू समजला जातो. रोगी टबात असा बसतो की पाणी बेंबीपर्यंत येते आणि पाय बाहेर कोरडे राहतात. मग तो ओल्या फडक्याने ओटीपोट उजवीकडून डावीकडे हळूहळू चोळतो. बद्धकोष्ठाच्या जुन्या रोग्यांना याने आराम पडतो असा उपचारकांचा अनुभव आहे. तथापि त्याला विशेष आकाराचा टब लागतो आणि पाणीही बरेच लागते, सबब आपल्याकडील घरांत मी त्याचा आग्रह धरीत नाही. त्याऐवजी पोटाची लपेट करावी. हातभर रुंदीचे जुने सुती धोतर किंवा लुगड्याचा तुकडा थंड पाण्यात बुडवून, एक थेंबही गळणार नाही इतका घट्ट पिळून, छातीच्या फासळ्यांखालपासून ओटीपोटापर्यंत गुंडाळावा, आणि त्यावर कोरडे लोकरीचे कापड असे आवळून घ्यावे की आतला ओला पदर कोठेही उघडा राहणार नाही. पहिली दोन मिनिटे अंगावर शहारा येतो, मग पोटात गोड ऊब भरू लागते, आणि पाऊण तासाने काढाल तेव्हा आतले फडके जवळजवळ वाळलेले असते. ही ऊब शरीराने स्वतः निर्माण केलेली असते. पाच मिनिटांनंतरही थंडीच वाजत राहिली तर कापड पुरेसे पिळलेले नाही किंवा रोगी फार अशक्त आहे असे समजून ते तत्काळ काढावे. उपचार रिकाम्या पोटी करावा. याला पाणी किती लागते? दोन तांबे.

मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर यांनी त्रस्त झालेल्यांनी पसरट घमेल्यात सोसेल इतके कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनतीनदा दहा-पंधरा मिनिटे बसावे. हा सल्ला आधुनिक शल्यचिकित्सकही देतात, आणि संकोचामुळे जे दुखणे महिनोन्महिने लपवले जाते त्याला इतका सोपा उतारा दुसरा नाही. रक्त जात असेल तर मात्र संकोच सोडून तपासून घ्यावे.

पाय मुरगळला असता प्रथमच गरम पाण्याने शेकण्याची जी सर्रास चाल आपल्याकडे आहे ती चुकीची आहे. पहिले दोन दिवस माठातल्या पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, सूज उतरू लागल्यावर मग शेक द्यावा. नाक साफ करण्याची जलनेती उपयुक्त आहे, पण तिच्यासाठी अर्धा लिटर पाण्यात लहान चमचाभर मीठ हे प्रमाण राखावे आणि पाणी उकळून निववलेलेच असावे, कारण विहिरीचे वा नळाचे कच्चे पाणी नाकात वरपर्यंत ओढले गेल्यास क्वचित मेंदूला प्राणघातक संसर्ग होतो. वाफारा घेताना लहान मुलाला कढत पातेल्यापुढे पांघरुणात बसवू नये.

तापाच्या बाबतीत पाण्याचा उपयोग आणि त्याची मर्यादा ही दोन्ही गांधींच्याच आयुष्यातल्या एका प्रसंगात स्पष्ट दिसतात. १९०२ साली मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला असता, अंडी आणि कोंबडीचा रस देण्याचा डॉक्टरांचा सल्ला न मानता त्यांनी त्याला कुनेच्या पद्धतीने थोडा थोडा वेळ कटिस्नान दिले, संत्र्याच्या पाणी मिसळलेल्या रसावर ठेवले, आणि ताप १०४ अंशांवर गेला तेव्हा पिळलेली ओली चादर लपेटून वर कांबळी घातली. पुढे मुलाला घाम फुटला आणि तो बरा झाला. परंतु हा गुण ईश्वरकृपेचा, पाण्याचा, की पथ्याचा आणि शुश्रूषेचा, हे कोण सांगणार, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत स्वतःच देऊन ठेवलेली आहे. त्या काळी विषमज्वरावर औषधच नव्हते. आज ते आहे. म्हणून मुलाचा ताप चढला असता अंगावरची पांघरुणे कमी करावीत, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मान, काखा, जांघा आणि पाठ पुसावी, बर्फाचे किंवा अतिथंड पाणी वापरू नये कारण त्याने हुडहुडी भरून ताप उलट वाढतो, आणि घोट घोट पाणी पाजत राहावे. परंतु ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, मूल मलूल झाले, पाणी पीनासे झाले किंवा त्याला झटके आले, तर पट्ट्या बाजूला ठेवून ग्रामीण रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांच्या आतल्या बालकाच्या तापात तर एक दिवसही वाट पाहू नये.

आपल्या हवेत ज्याचा जलोपचार खरोखर प्राण वाचवतो ते दुखणे म्हणजे उष्माघात. वैशाखात काळ्या रानातली ढेकळे तापून पाय ठेववत नाहीत, तेव्हा खरिपाच्या मशागतीला गेलेला माणूस जर बरळू लागला, अडखळू लागला, त्याचे अंग तव्यासारखे तापले आणि शुद्ध हरपू लागली, तर त्याला उचलून झाडाच्या सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, हाताशी असेल ते पाणी साऱ्या अंगावर शिंपडून उपरण्याने जोरात वारा घालावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. येथे पाण्याइतकेच काम वारा करतो, कारण अंगावरचे पाणी वाळताना शरीरातली उष्णता ओढून घेते. आपला माठ ज्या नियमाने थंड राहतो तोच हा नियम. शेतात नेलेल्या एका कळशीत हे होण्यासारखे आहे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये. भाजले असतानाही पहिला इलाज साधे थंड पाणीच, तेही वीस मिनिटे. शाई, दंतमंजन, तूप, हळद यांतले काहीही नाही. धार सोडण्याइतके पाणी नसेल तर स्वच्छ बादलीत भाजलेला हात बुडवून धरावा.

आणि ज्या जलोपचाराला सर्वांत मोठे यश लाभले त्याचे नाव निसर्गोपचाराच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाणी, साखर आणि मिठाचे मिश्रण पिंपांत भरून ठेवले आणि आयाबहिणींच्या हातून रोग्यांना पाजायला लावले. त्याने मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्याही खाली आले. प्रत्येक घराने हे प्रमाण पाठ करून ठेवावे: उकळून निववलेले एक लिटर पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून पुन्हा करावे. जुलाब लागलेल्या मुलाला दर पातळ शौचानंतर ते चमच्याचमच्याने द्यावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे, अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर दवाखाना.

उषःपानाविषयी विचारणारे पुष्कळ भेटतात. पहाटे उठून एकदोन पेले पाणी पिणे ही चांगली सवय आहे, त्याने कोठा साफ राहण्यास मदत होते. परंतु एकाच दमात दीड-दोन लिटर पाणी रिचवल्याने सर्व रोग जातात, हे जे छातीठोकपणे सांगितले जाते त्याला आधार नाही, आणि मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या रोग्यांना तर त्याने अपाय होतो. रानात राबणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे. लघवीचा रंग गर्द पिवळा झाला की आपण कमी पितो आहोत, ही साक्ष पुरेशी आहे.

नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर, चोपड्याजवळचे उनपदेव, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी येथील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर त्वचारोगी व सांधेदुखीचे रोगी श्रद्धेने जातात, आणि मंठ्याहून उत्तरेला फार दूर नसलेल्या लोणारला तर विवराच्या काठावरच्या गोमुखाची गोडी धार आणि तळाशी असलेले खारे सरोवर अशी दोन अगदी भिन्न पाणी एकाच ठिकाणी भेटतात. धारेखाली उभे राहिल्यावर मनाला जो प्रसन्नपणा येतो तो मीही अनुभवला आहे. अशा ठिकाणी उघडी जखम किंवा वाहता नायटा घेऊन सामाईक कुंडात उतरू नये, एवढे भान ठेवावे, म्हणजे आपल्याही आणि दुसऱ्याच्याही प्रकृतीला धोका नाही.

राहता राहिला उपचारानंतरच्या पाण्याचा प्रश्न. पादस्नानाचे पाणी, त्यात मीठ घातलेले नसेल तर, निवल्यावर परसातल्या शेवग्याला किंवा कढीपत्त्याला घालावे. गरम असताना मुळाशी ओतू नये. लपेटीची फडकी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावीत आणि एका माणसाचे फडके दुसऱ्याला वापरू नये. आमच्याकडे बादली रात्री पालथी घालून ठेवतात, तिच्यावर घडी केलेली घोंगडी असते, आणि वेचणीच्या हंगामात संध्याकाळी चूल पेटली की भाकरीच्या तव्याआधी तिच्यावर पाण्याचे पातेले चढते.